निमजवळग्याची शुद्ध लोकसंख्या

माणसाला नावं कितीही असू शकतात, जन्म मात्र एकदाच होतो. हे सत्य साधुसंतांना पूर्वीपासून ठाऊक होतं. सरकारी कामात ते आणण्याचा मान आमच्या बसलिंगप्पा साहेबांचा.

लातूर जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली आहेत. नव्या जिल्ह्याला नवे शिक्के मिळाले, नव्या खुर्च्या मिळाल्या, आणि एक संगणकही मिळाला. दुष्काळ तेवढा जुन्या जिल्ह्याकडून आहे त्या स्थितीत वर्ग झाला. त्याच्या बंदोबस्तासाठी टंचाई गणना कक्ष निघाला. साहेब त्याचे प्रमुख, विरूपाक्ष संगणक चालवणारा आणि मी टिपणी लिहिणारा कारकून. (टिपणीत मी कधीही खोटं लिहिलं नाही. सांगितलं तेच लिहिलं.)

माणशी वीस लिटर पाणी टँकरने द्यायचं आणि त्यासाठी गावोगावची माणसं मोजायची, एवढंच कक्षाचं काम. उदगीरकडच्या निमजवळगा गावाची तलाठ्याची यादी आली: चारशे बारा. साहेबांनी ती चाळली. नऊ मारोती, सात किशन, अकरा रुक्मिणबाई. एकच मारोती नऊ जागी नाव लावून पाणी पितो आहे, हे त्यांनी जागच्या जागी ओळखलं. त्यांनी हुकूम दिला की नावाकडे बघू नका, जन्मतारखा मोजा. एक तारीख पुन्हा आली तर ती धरू नका.

विरूपाक्षाने कळा दाबल्या. संगणक थोडा वेळ गुरगुरला आणि उत्तर आलं: एकतीस.

साहेबांनी पेढे मागवले. एका दुपारीत तीनशे एक्क्याऐंशी बोगस माणसं पकडली गेली होती, आणि तीही एकाला हात न लावता. दुसऱ्या दिवसापासून निमजवळग्याला सहाशे वीस लिटर पाणी जाऊ लागलं. टँकर हलका असल्यामुळे वेळेवर पोहोचायचा, याची नोंद मी स्वतः घेतली आहे.

पाचव्या दिवशी धुरपताबाई नावाची म्हातारी कक्षात आली. सोबत गावच्या शाळेतले निवृत्त गुरुपादप्पा मास्तर होते.

"सायेब," धुरपताबाई म्हणाली, "सून बाळतीन हाय. न्हायाचं सोडा, तिला प्यायला बी पाणी न्हाई. टँकरवाला म्हनतो, यादीत तुमी न्हाईच."

साहेबांनी विरूपाक्षाकडे पाहिलं. विरूपाक्ष हुशार होता, लाजत म्हणाला, "साहेब, सगळ्या तारखा एक जूनच्याच आहेत. फक्त सालं वेगळी."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी अपराध लपवला नाही.

"शाळा जूनमध्ये उघडायची," ते म्हणाले. "पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की सहा वर्षांचं झालं, असं आम्ही धरायचो. तारीख कुणालाच माहीत नसायची. मी एक जून लिहायचो. एका साली सात पोरं आली, तर सातही एक जूनची."

म्हणजे एका वर्गातले सातजण संगणकाच्या मते एकच माणूस होते. मास्तरांनी एकतीस वर्षांत गावात फक्त एकतीस माणसं जन्माला घातली होती.

"आन् माझी?" धुरपताबाईने विचारलं.

ती शाळेत गेली नव्हती. गावातले असे एकशे अठ्ठ्याऐंशी म्हातारे, बाया आणि तान्ही लेकरं यांचा तारखेचा रकाना रिकामा होता, आणि रिकामा रकाना संगणक मोजत नाही. हा अन्याय साहेबांना सहन झाला नाही. त्यांनी ताबडतोब सगळ्या रिकाम्या रकान्यांत एक जानेवारी एकोणीसशे भरायला लावलं. पुन्हा मोजणी झाली. लोकसंख्या बत्तीस झाली. गावाला रोज वीस लिटर वाढवून मिळाले, आणि ते एकशे अठ्ठ्याऐंशी जणांनी आपसांत वाटून घ्यावेत, असं ठरलं.

यंत्रात दोष नाही ना, याची खात्री म्हणून विरूपाक्षाने अधिकाऱ्यांच्या वसाहतीचीही मोजणी केली. तिथे एकटे बसलिंगप्पा साहेब तीन निघाले: एक सेवापुस्तकातले, एक शाळेच्या दाखल्यातले, एक पत्रिकेतले. दोष नसल्याचं मी टिपणीत लिहिलं.

धुरपताबाई जाता जाता म्हणाली, "येकदा गावात येऊन बगा की सायेब. मानसं हुबी करून मोजा. त्याला मशीन कशाला लागतंय?"

सूचना अव्यवहार्य होती, तरी साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी तीन आठवड्यांत पथक नेमलं, आणखी दोन आठवड्यांत जीप मिळवली, आणि आम्ही निमजवळग्याला पोहोचलो. घराघरांत जाऊन माणूस न् माणूस मोजला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. बत्तीसच भरले.

विरूपाक्षाने यंत्राला मनोमन हात जोडले. मला मात्र कुठेतरी लाज वाटली, आणि ती टिपणीत लिहायला रकाना नव्हता. धुरपताबाईच्या घराला बाहेरून कडी होती. शेजारच्या केरबाने सांगितलं, "ती गेली सुनंला आन् तान्ह्याला घिऊन. हितं पान्यावाचून मरावं का? समदेच गेले नांदेडला."

फाइल बंद झाली. संगणक बरोबर ठरला, साहेबांना बढती मिळाली.

उरलेले तीनशे ऐंशी आता नांदेडात आहेत, म्हणजे नांदेडकर वाचकहो, तुमच्याच आसपास. तुमच्या घरी या उन्हाळ्यापासून भांड्यांना नवी बाई लागली असेल, कडेवर तान्हं घेऊन येत असेल. तिचं नाव, गाव तुम्ही विचारलंय का? आमच्या संगणकाला फार हसू नका. त्याने निदान जन्मतारीख तरी विचारली होती.