हवेतला इर्शाद आणि जमिनीवरचे सोनकांबळे

सोनकांबळ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कचेरीच्या आवारात, भर दुपारी, पालथे पडलेले होते. मी त्याच दिवशी नांदेडहून लातूरला बदलून आलो होतो. चैत्राचं ऊन, चिटपाखरू दिसत नव्हतं. माणूस चक्कर येऊन पडला असं समजून मी माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यांच्या मानेवर ओतलं. ते उठले नाहीत. नुसती मान वळवून म्हणाले, "प्यायचं पाणी हाय ना ते? मग वतायलात कशाला? आन् जरा बाजूला व्हा, माझ्या आकाशात आलात तुम्ही."

त्यांच्या नाकासमोर हातभरावर शिपायाची सायकल उभी होती. सायकल खालून कशी दिसते, ते बघत होते म्हणे.

दुष्काळ जुना होता आणि जिल्हा नवा. कचेरीत फाइली आधी आल्या होत्या, खुर्च्या मागाहून येणार होत्या. पाटीचा रंग अजून हाताला लागायचा. आमची कचेरी माहिती खात्याची, सोनकांबळे तिचे फोटोग्राफर. मूळचे रेणापूरकडचे. वय पंचेचाळिशीच्या पुढं, अंगकाठी सडपातळ, आणि शर्टाच्या पुढच्या बाजूला कायम माती. पाठीमागून पाहिलं तर सरकारी नोकर, समोरून पाहिलं तर बांधावरून उठून आलेला माणूस. टँकरचे, छावणीतल्या जनावरांचे, खडी फोडणाऱ्या बायांचे आणि पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढायचे, हे त्यांचं काम. ते काम ते चोख करत आणि त्याला मनापासून कंटाळले होते. जनावरंसुद्धा फोटोला रांगेत उभी राहतात, अशी त्यांची तक्रार होती. पाहुण्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मग एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. गावाबाहेरचा तलाव तळापर्यंत आटला, आणि त्या कोरड्या तलावात इर्शाद दिसला.

इर्शाद म्हणजे सायकल दुरुस्तीवाला, विशी उलटलेला पोरगा. शहरात त्या वेळी एका कापडवाल्याच्या मुलानं हैदराबादहून बीएमएक्स आणली होती. बुटकी सायकल, जाड टायर, मध्ये दांडी आलेलं उंच हँडल. ती पंक्चरसाठी दुकानात आली, इर्शादनं दोन दिवस ठेवून घेतली, आणि नंतर भंगारातले पाइप वाकवून, जोडून हुबेहूब तशीच एक स्वतःला बनवली. आटलेल्या तलावाचा उतार त्याला आयता मिळाला. वरून सुसाट यायचं, मातीच्या उंचवट्यावर चाक चढवायचं आणि सायकलीसकट हवेत. दोस्त शिट्ट्या मारायचे. सोनकांबळे तलावाच्या गाळाचा फोटो काढायला गेले होते. गाळाचा फोटो राहिलाच.

सरकारी रोलला ते या कामासाठी हात लावत नसत. रोल स्वतःचा आणायचे. पहिला रोल धुतला तेव्हा मी शेजारीच होतो, कारण आमच्या खोल्याही लागूनच होत्या. त्यात पुढचं चाक होतं. मागचं चाक होतं. इर्शादचं धड होतं, डोकं नव्हतं. एका फोटोत नुसतं आकाश होतं आणि कोपऱ्यात एक चप्पल. साहेबांच्या नजरेस तो फोटो पडला, तर त्यांनी विचारलं, हे काय? सोनकांबळे म्हणाले, दुष्काळ हाय साहेब, बघा, ढग न्हाई. साहेबांनी तो फाइलला लावला.

दुसऱ्या रोलमध्ये अख्खा इर्शाद आला, पण त्याच्या डोक्यातून बाभळ उगवली होती. तिसऱ्यात बाभळ गेली, पण नुसत्या आकाशात सायकल टांगल्यासारखी दिसायला लागली. हा उडाला आहे की कुणी दोरीनं बांधला आहे, कळेना. त्या दिवशी सोनकांबळे माझ्या खोलीत आले आणि स्वतःशीच म्हणाले, "भुई दिसाय पायजे. भुई दिसल्याबिगर उंची कळत न्हाई."

तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. त्याच्या जोडीला आणखी एक आलं, "पुढं जागा सोडा." उडालेल्या माणसाच्या पुढं फोटोत मोकळी जागा पाहिजे, नाहीतर तो फोटोच्या कडेला जाऊन धडकणार असं वाटतं, म्हणून. हे इर्शादपुरतं ठीक होतं. पण नांदेडला आमच्याकडं मेहुणीच्या बाळाचं बारसं होतं, तिथं सोनकांबळे फोटो काढायला आले, आणि अर्धा तास बाळाच्या पुढं जागा करत राहिले. बाळाच्या आत्याला तीन वेळा उठवलं. माझ्या सासूबाईंच्या डोक्यातून मांडवाचा खांब निघतोय म्हणून त्यांना सरकवत सरकवत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. सासूबाई त्या फोटोत नाहीत. त्यावरून अजून बोलतात.

सरावासाठी इर्शाद रोज मिळत नसे. मग मी होतो. कचेरी सुटली की शिपायाची सायकल घेऊन मी आवारातून सरळ जायचं आणि सोनकांबळ्यांनी गुडघ्यावर बसून कॅमेरा माझ्याबरोबर वळवत न्यायचा. म्हणजे सायकल स्वच्छ येते आणि मागचं सगळं पुसल्यासारखं होतं. त्यात वेग दिसतो, असं त्यांचं म्हणणं. माझं वजन आणि शिपायाची चेन बघता वेग कुठून दिसणार? तरी ते ओरडायचे, चेहरा कॅमेऱ्याकडं, चेहरा! चेहरा वळवला आणि मी नव्या पाटीच्या खांबावर गेलो. रंग तेव्हाही ओलाच होता.

खरी अडचण पाण्याची. फोटो धुवायला पाणी लागतं, आणि आमच्या गल्लीत टँकर चार दिवसांआड यायचा. सोनकांबळ्यांनी त्यावर साधा उपाय काढला. त्यांनी आंघोळ सोडली. आंघोळीची बादली फोटोंना. शिवाय फोटो धुऊन उरलेलं औषधाचं पाणी ते खड्ड्यात ओतायचे, आणि टँकरच्या रांगेतल्या बायांना वाटायचं, हा माणूस चांगलं पाणी ओतून राहिला. एक दिवस सगळ्या मिळून भांडायला आल्या. सोनकांबळे भांडले नाहीत. त्यांनी दोरीवर वाळत घातलेला एक ओला फोटो काढून सगळ्यांत पुढच्या बाईच्या हातात दिला. इर्शाद हवेत, दोन्ही चाकं भुईपासून पुरुषभर वर, खाली तलावाची भेगाळलेली माती लांबवर पसरलेली, आणि पोराच्या तोंडावर असं हसू, की त्या सालात मी तसं दुसरं पाहिलं नव्हतं. बाई बघत राहिली. मग म्हणाली, पडला तर न्हाई ना? न्हाई, म्हणाले. बाईनं फोटो परत दिला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. त्यानंतर पाण्यावरून कुणी बोललं नाही. आंघोळीवरून मात्र बोलत.

उन्हाळा भरात आला आणि एक मंत्री पाहणीला आले. निलंग्याच्या बाजूला रोजगार हमीचं काम चालू होतं, लांबच लांब चर खोदत होते. मंत्र्यांना पलीकडं जाता यावं म्हणून चरावर फळी टाकली होती, फळीवर सतरंजी. पलीकडच्या टोकाला हार, साहेब आणि पेपरचे फोटोग्राफर. सोनकांबळे कुठं दिसेनात. साहेबांनी मला विचारलं, मी चौफेर बघितलं, आणि मग मला चरात तळाशी दोन बूट दिसले. हे आत उताणे पडलेले.

मंत्री फळीपाशी आले. कामावरच्या बाया बघत होत्या. मंत्र्यांना काय वाटलं कोण जाणे, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला फळी कशाला, असं म्हणाले, धोतराचा सोगा धरला आणि सरळ उडी मारली.

पेपरवाल्यांचे कॅमेरे फळीकडं होते. उडी एकट्या सोनकांबळ्यांना मिळाली.

फोटो मी दोरीवर पाहिला. मंत्री पुरते हवेत. धोतर फुगलेलं, एक हात टोपीवर, एका पायातला जोडा निसटून त्यांच्या मागोमाग येतोय. मागं बाया पदर तोंडाला लावून हसतायत. खाली चराची कड स्वच्छ दिसतेय, पुढं भरपूर जागा. डोक्यातून काहीच उगवलेलं नाही. आणि साठीच्या त्या माणसाचा चेहरा एकदम शाळेतून सुटल्यासारखा.

साहेबांनी तो पाहिला आणि पाणी मागितलं. हा फोटो कचेरीबाहेर जाता कामा नये, असं त्यांनी बजावलं. सोनकांबळे हो म्हणाले. पण मुंबईला जे पाकीट गेलं त्यात हाराच्या, भाषणाच्या फोटोंमध्ये तो एक कसा कुणास ठाऊक गेला. मी विचारलं तर म्हणाले, चिकटला असंल, ओला होता.

साहेबांची झोप उडाली. सोनकांबळे मात्र रजा टाकून किनवटला निघून गेले. त्यांची बायको तिथं आश्रमशाळेच्या वसतिगृहाची अधीक्षिका. दोघंही सरकारी, दोघांच्या बदल्यांचे अर्ज वर्षानुवर्षं कुठल्यातरी टेबलावर. हे मला माहीत होतं, पण सोनकांबळे घरचं फार बोलत नसत. महिन्यातून एकदा शनिवारी जायचे, सोमवारी यायचे, इतकंच.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मुंबईहून फोन आला. साहेब उभे राहून बोलले. मंत्र्यांना तो फोटो हवा होता. मोठा. दिवाणखान्यात लावण्याजोगा, आणि ताबडतोब. साहेबांचा चेहरा खुलला, आणि दुसऱ्या क्षणी पडला, कारण निगेटिव्हच्या कपाटाची चावी सोनकांबळ्यांच्या कडदोऱ्याला असायची. मी नांदेडला घरी निघालोच होतो. साहेब म्हणाले, तसंच पुढं किनवटला जा आणि चावी घेऊन या.

किनवटला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. स्टेशनपासून वसतिगृह चालत जाण्यासारखं. सुट्टी लागलेली, मुली गावी गेलेल्या, सगळं शांत. फाटक नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकलणार तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला आणि मी थांबलो.

मैदानात एक जुनी लेडीज सायकल होती. सायकलवर सोनकांबळे बसले होते. पांढराशुभ्र सदरा, अंगावर मातीचा डाग नाही. आंघोळ केलेली लांबूनही कळत होती. कॅमेरा कुठंच नव्हता. हँडल दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि पुढचं चाक डावी-उजवीकडं डुगडुगत होतं. इर्शादला उडताना तोल कसा सांभाळायचा, उतरताना कुठलं चाक आधी टेकवायचं, हे जमिनीवर पडून शिकवणाऱ्या या माणसाला सायकल येत नव्हती.

मागून वहिनी धावत होत्या. पदर कमरेला खोचलेला, केस सुटायला आलेले. एका हातानं त्यांनी सीट धरली होती, दुसरा नवऱ्याच्या पाठीवर. पन्नाशीकडं आलेली बाई, दम लागलेला, तरी तोंडानं चालूच, समोर बघा, खाली बघू नका, पाय थांबवू नका. ही शिकवणी काही आजची नव्हती. मैदानाच्या कडेनं सायकलीच्या चाकोरीचा गोल उमटला होता.

दोन फेरे झाले. चाक जरा सरळ धावायला लागलं.

"सोड आता," सोनकांबळे म्हणाले. "जमायलंय मला."

वहिनींनी सोडलं नाही. तशाच धावत राहिल्या.

"सोड की गं."

"उद्या टेशनावर सोडायचंच हाय तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "आज धरू द्या."

 सोनकांबळे पायडल जरा हळू मारायला लागले, तिला धावावं लागू नये इतकं हळू, आणि सायकल पुन्हा डुगडुगायला लागली.

मी फाटकावरचा हात काढला आणि आल्या वाटेनं स्टेशनवर जाऊन बसलो. चावी काय, सकाळी गाडीत मागता आली असती.