साहेबांची मंजुरी

फुलांच्या शीतगृहाचं दार उघडेना, आणि दाराचं म्हणणं होतं की हे सगळं मालकांच्याच सुरक्षिततेसाठी चाललंय. शेजारच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरांत तसं लिहूनच आलं होतं.

झालं होतं एवढंच, की तापमान मोजणारी डबी बिघडली म्हणून मिस्त्रीने नवी बसवली, जुनीतलं सिमकार्ड काढून तिच्यात घातलं आणि बाहेर येऊन चहाचा कप तोंडाला लावला. तेवढ्यात मागे दार खाटकन लागलं.

"माझा मोबाइल बदलला तेव्हा मी अस्संच केलं होतं," मिस्त्री म्हणाला. "तेव्हा घराचं दार नाही लागलं."

मालकांच्या लेकीने कपाळाला हात लावला. शेजारच्या गाळ्यातल्या कुणीतरी वाय-फायमध्ये शिरून थंडी कमी-जास्त करण्याचा खेळ केला, तेव्हा चिडून वडिलांनी हे खासगी मोबाइल जाळं बसवून घेतलं होतं. स्वतःचा टॉवर, स्वतःची सिमकार्डं, बाहेरच्या माणसाला आत शिरायची सोयच नाही. ओळखीचं सिम अनोळखी डबीत दिसताच जाळ्याने चोरी झाली असं धरलं आणि सगळं गोठवून टाकलं. फुलं सोडून. कूलिंग बंद होतं आणि आतली फुलं उद्या सकाळी लग्नाच्या हॉलवर पोचायची होती. वडिलांच्या माघारी तिने स्वतः मिळवलेली ही पहिली मोठी ऑर्डर. 'हिला झेपेल का' असं कुजबुजणारे सगळे त्या लग्नाला येणार होते.

"हाताने चालू करायचं बटण होतं ना रे आपलं?"

"काढायला लावलं ताई साहेबांनी. म्हणाले, कुणीही येऊन दाबेल."

तिने हेल्पलाइन लावली. पलीकडचा आवाज लोण्यासारखा मऊ होता.

"काळजी करू नका मॅडम. मालकांनी मंजुरी दिली की लगेच उघडतं. साहेबांना फोन देता?"

"साहेब वारले."

"अरेरे! फार वाईट झालं, मॅडम." आवाज क्षणभर थांबला. "मग त्यांना दुसऱ्या कुठल्या नंबरवर फोन करू?"

तिने डोळे मिटून श्वास घेतला. "अहो, माणूस गेलाय. मृत्यूचा दाखला आहे माझ्याकडे."

"उत्तम! तो पोर्टलवर टाका. मालकाचं नाव बदलून मिळेल."

"पोर्टल उघडत नाहीये."

"ते तुमच्या आतल्या जाळ्यावरूनच उघडतं, मॅडम."

"आणि आतलं जाळं?"

"ते बंद आहे, मॅडम."

"म्हणजे ते उघडायला तेच उघडं हवं? हे तुम्ही माणसांसाठी बनवलंय की आणखी कुणासाठी?"

"आपल्या सुरक्षिततेसाठी, मॅडम."

"माझ्या सुरक्षिततेचं सोडा, तुमच्या सुरक्षिततेचा विचार करा!" ती इतक्या जोरात ओरडली की मिस्त्री कप घेऊन दोन पावलं मागे सरकला.

शेवटी कळलं ते असं, की साहेबांचा स्वतःचा फोन आवारात आणला तर त्यावरून मंजुरी देता येईल. तो फोन आईच्या उशाशी असायचा. त्यातलं सिम आवाराबाहेर चालत नसे, त्यामुळे घरी त्यावर कुणाचा फोन येणं शक्यच नव्हतं. तरी आई तो रोज चार्ज करायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही.

"फोन देणार नाही," आई म्हणाली. "मी घेऊन येते."

आई रिक्षातून उतरली, तेव्हा फोन रुमालात गुंडाळलेला होता.

"आई, त्याचं लॉक?"

"लॉक कसलं? रोज विसरायचे आणि माझ्यावर ओरडायचे. मीच काढून टाकलं."

एवढ्या बंदोबस्ताची किल्ली आजवर उशाशी उघडी पडली होती.

आई दाराजवळ गेली तसा पडदा हिरवा झाला. "स्वागत आहे, साहेब," दार म्हणालं आणि उघडलं. मिस्त्रीने सवयीने तंबाखूची पुडी पाठीमागे लपवली. मग आईने फोनवर मंजुरीचं बटण दाबलं आणि आत पंखे घरघरायला लागले. लिली थोड्या लवकर उमलल्या होत्या. बाकी सगळं शाबूत होतं.

"अभिनंदन, मॅडम!" हेल्पलाइन म्हणाली. "आता दाखला पोर्टलवर टाका. नाव बदलेपर्यंत साहेबांचा फोन मात्र आतच राहू द्या. नव्या डबीची मंजुरी तोवर त्याच्यावरच चालेल, तो बाहेर गेला तर पुन्हा सगळं बंद होईल."

"आणि नाव कधी बदलणार?"

"लवकरच, मॅडम."

लेक पुन्हा भडकणार होती, पण आई ऑफिसात शिरली होती. तिने वडिलांच्या टेबलावर रुमाल पसरला, त्यावर फोन ठेवला, चार्जर लावला आणि दिवा मालवून बाहेर आली. रिक्षात रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

दोघी जेवायला बसल्या तोच लेकीचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"माफ करा मॅडम, सुरक्षेसाठी विचारतोय. कामाची वेळ संपली, तरी साहेब अजून आतच आहेत असं दिसतंय. बाहेर पडल्याची नोंद करू का?"

लेकीचा चेहरा लाल झाला. दिवसभराचं सगळं तिच्या तोंडाशी आलं. पण त्याआधीच आईने हात पुसून फोन स्वतःकडे ओढला.

"राहू द्या हो," आई म्हणाली. "घरी येऊन तरी काय करणार आहेत? टीव्हीच बघत बसतील."