पेट्रोलचा काटा

वामनरावांची लिलावात घेतलेली जुनी विलायती गाडी सावनेरात नेमकी लेकीच्या दारात बंद पडली. काटा टाकी भरल्याचं दाखवत होता. टाकीत काठी घातली, तर ती कोरडी निघाली.

"भरलेली टाकी कोणं पिली?" त्यांच्या पत्नी पुष्पलताबाईंनी विचारलं.

"काटा खोटं बोलून राहिला," वामनराव गंभीरपणे म्हणाले.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हे त्यांनीच लग्नाच्या मांडवात सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं. कोणी विचारलंही नव्हतं. तेव्हापासून दोघं नागपुरातल्या बर्डीहून यायची, ओट्यावर टेकायची, सोबतच्या बाटलीतलं पाणी पिऊन परत जायची. घरी गेल्यावर पुष्पलताबाई भाजीत मीठ विसरायच्या आणि वामनराव ती मुकाट्याने खायचे.

"आता मुक्कामच करा लागते. अडचणीत चालते," वामनराव नाइलाजाने म्हणाले.

तेवढ्यात जावईबापू सायकलवरून डबाभर पेट्रोल घेऊन आले. इतका तत्पर जावई वामनरावांना प्रथमच खटकला.

"खोट्या काट्याच्या भरवशावर मी गाडी नेत नाही. अन् इथं मिस्त्री कुठं भेटते?"

"मिस्त्री कायले, बाबा? मी पाहते न," शामला म्हणाली. लहानपणी गाडीखाली वडिलांशेजारी बॅटरी धरून पडून राहायची ती हीच.

"राहू दे वं, साडी भरंन!" वामनराव घाईने म्हणाले.

पण शामला डिकीत वाकलीसुद्धा. टाकीवरची तार सुटलेली होती. तिच्या टोकाची काळी टेप काढून तिने ते गाडीच्या पत्र्याला टेकवलं.

"आई, काटा पाह्य."

"पडला वं! एकदम रिकाम्यावर!"

म्हणजे काटा चांगला, तारही चांगली. टाकीवर नट कसला की काम संपलं. शामलाने पाना उचलला आणि हातातल्या टेपकडे पाहत थांबली. टेप नवी होती. तिचं टोक आत दुमडलेलं होतं, पुन्हा सोडवायला सोपं जावं म्हणून. तार सोडली की असं टोक दुमडणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता, आणि तो आत्ता शेजाऱ्यांच्या छपरावरची कवेलू फार बारकाईने पाहत होता.

"काहून थांबली वं?" पुष्पलताबाईंचा आवाज बारीक झाला होता.

शामलाने टेप पुन्हा तारेवर गुंडाळली. टोक दुमडलं.

"मोठा फॉल्ट आहे, आई. आज काही होत नाही."

पुष्पलताबाई पिशवी घेऊन तडक आत गेल्या.

वामनराव खाकरले. "किती दिवस लागतीन?"

"तुम्हीच सांगा, बाबा."