तुळशीरामकाकांची बोलकी बेल

आमच्या गल्लीत कॅमेऱ्याची बेल एकाच दारावर आहे, आणि तिच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावलेली आहे. तुळशीरामकाकांच्या लेकीने, सविताने, हैदराबादहून हौसेने आणून बसवलेली ही बेल. बाहेरच्याने दाबली की घरातल्या मोबाईलवर त्याचं तोंड दिसावं आणि आतून त्याच्याशी बोलता यावं, अशी सोय. लेक परत गेली त्याच दिवशी काकांनी पट्टी लावून टाकली. मी पट्टीकडे बोट करून विचारलं, तर म्हणाले, "डोयानं तं कोनीबी वयखते, कमल. आपलं काम आवाजाचं हाय."

काका म्हणजे माइकवाले. आता सत्तरी ओलांडली, धंदा बंद करून आदिलाबादला येऊन राहिले. पण एके काळी भीमपूरकडच्या गावांमध्ये लग्न असो की सप्ताह, त्यांच्या लाउडस्पीकरच्या मशीनशिवाय पान हलत नसे. मी तिकडचीच. आम्ही पोरी कापूस वेचत असलो की तीन शेतं ओलांडून त्यांचा आवाज यायचा, "नवरीचे मामा जिथं असतील तिथून त्यांनी मंडपात यावं." मग तेच हिंदीत, मग तेलुगूत. तिन्ही भाषांत मामा सापडले नाहीत की काकांचा आवाज जरासा दुखावायचा, आणि आम्ही ओंजळीतला कापूस सांडेपर्यंत हसायचो.

चिंचेवर बांधलेला कर्णा, खाली बॅटरी, आणि तिच्याजवळ पांढऱ्या शर्टात बसलेले काका. माझ्या लग्नातही तेच होते. पंगत बसल्यावर त्यांनी "सावकाश होऊ द्या" इतक्या मायेने म्हटलं की माझे सासरे पुन्हा एकदा जेवायला बसले. सासरे आता नाहीत, पण घरात त्यांचा विषय निघाला की ही गोष्ट निघतेच. आताच्या लग्नात डीजे असतो. छाती हादरते, पण पोटभर जेवा असं कोणी कोणाला म्हणत नाही.

तर अशा माणसाच्या हाती ती बेल पडली. पहिला शेरा आला, "आवाज पत्र्यावर पडल्यावानी येऊन राह्यला." मग जुन्या चपलेचं रबर कापून बेलीच्या मागे बसलं. वारा घोंघावू नये म्हणून तिच्या माइकवर स्पंजची चकती आली. पूर्वी माइकला रुमाल बांधत, तसंच. शेवटी माळ्यावरचं जुनं मशीन खाली उतरलं, मोबाईलला वायर जोडली गेली आणि बैठकीत पेटीएवढा स्पीकर लागला. आता काकांच्या दारात कोण आलं, हे काकांबरोबर अख्ख्या गल्लीला कळतं.

या बेलीला एक खोड आहे. आतला आणि बाहेरचा एकदम बोलले की दोघांचंही बोलणं तुटतं. त्यावर काकांनी कायदाच केला, "मी बोललो का तुमी थांबा. तुमी थांबले का मी बोलतो." शिवाय प्रत्येक पाहुण्याची परीक्षा.

"कोन?"

"मी."

"मी तं सगळेच हायेत. नाव सांगा, काम सांगा. एक वीत मागं सरका. नाकातून नाही, छातीतून."

आमचा गॅसवाला तेलुगू माणूस. तोसुद्धा आता शिकला आहे. सिलेंडर खाली ठेवतो, एक वीत मागे सरकतो, खाकरतो आणि निवडणुकीला उभा राहिल्यासारखं स्वतःचं नाव सांगतो. मला एकदा आतूनच निकाल मिळाला, "कमल, तुह्या आवाजात सर्दी हाय. काढा घे." दोन दिवसांनी मी खरंच शिंकत बसले. खरं ठरलं म्हणून जास्तच राग आला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण काकूंचं पाहून माझं डोकं फिरायचं.

दिवसातून तीन-चार वेळा काकू स्वतःच्याच घरातून बाहेर यायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि स्वतःच्याच घराची बेल दाबायच्या. "हालो. येते का आवाज?" आतून काका, "साफ येते. पुढं बोल." मग काकू बोलत राहायच्या. दूध नासलं, भावाच्या सुनेला दिवस गेले, गुडघा रात्रभर ठणकला. एप्रिलच्या उन्हात, एक हात भिंतीला टेकवून, अर्धा-अर्धा तास. आत पंख्याखाली बसलेले साहेब टेस्टिंग करून राहिलेले! बायको म्हणजे काय माइक आहे? माझं तोंड तसंही तिखट. एका दुपारी मी सविताला फोन लावला आणि सांगितलं, "तुझे बाबा टेस्टिंगच्या नावाखाली आईला उन्हात उभी करतात. गुडघे गेले आहेत बाईचे."

"रविवारी येते अन् काढूनच टाकते ती बेल," सविता म्हणाली. मला फार बरं वाटलं.

गुरुवारी काकू माझ्या दुकानात आल्या. माझं ब्लाउजपीस आणि अस्तराचं दुकान आहे. एरवी उभ्याउभ्याच अस्तर घेऊन जाणाऱ्या काकू त्या दिवशी स्टुलावर बसल्या.

"सविताले काऊन सांगतलं व, कमल?"

मी सुरू झाले. सहन करता म्हणूनच असं होतं, वगैरे. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"त्यायले आयकू येत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाले."

"पण माझी सर्दी कशी ओळखली त्यांनी?"

"मशीनमंधून आयकू येते ना, मोठ्यानं. समोर बसून बोललं का नुसतं हो-हो म्हनते. डाक्टरनं कानात घालाचं देल्लं, तं डबीत ठेवून देल्लं. म्हने, माइकवाल्याच्या कानात हे पाह्यलं का लोक काय म्हनतीन? मंग आमचं बोलनंच बंद झालं. दोघं दोन खाटीवर बसून राहो."

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"बेलीले मशीन जोडलं तवा मी बजारातून आली. घंटी दाबली, म्हटलं, दार उघडा, मी आली. आतून म्हने, 'पुन्हा बोल.' म्या पुन्हा म्हटलं. म्हने, 'आनखी बोल.' भाजीची थैली हातात धरून अर्धा घंटा बोलली मी, कमल. दार उघडलं तं डोये ओले. म्हने, लाइन चांगली हाय."

मी उगाच म्हणाले, "मग घरातल्या घरात फोनवर बोला ना. मशीनमधून तोही ऐकू येईल."

"एका घरात बसून फोन लावला का त्यायले समजन, का त्यायचं हो-हो खोटं हाय हे मले समजलं. दारात उभं राह्यलं का टेस्टिंग असते. त्यायची इज्जत राह्यते. सविताले नोको सांगू."

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं शेजारी राहून मी फक्त ऊन पाहिलं होतं. काकू गेल्या गेल्या मी सविताला फोन केला, माझंच चुकलं, काकू हौसेने उभ्या राहतात, बेल राहू दे. सविता म्हणाली, "मावशी, मी कालच बाबांना खूप बोलले. आईला उन्हात उभी करता म्हणून. त्यांनी फोन ठेवून दिला."

रविवारी सकाळी काकांच्या भिंतीवर हातोडीचे घाव ऐकू आले. मला वाटलं, सविता यायच्या आत म्हाताऱ्याने स्वतःच बेल उपटली, आणि हे माझ्यामुळे. मी तशीच धावले. काका ओट्यावर होते. एका हातात बेल, दुसऱ्या हातात स्क्रू. भिंतीतून वायरी लोंबत होत्या. उंबऱ्यात काकू उभ्या, तोंड उतरलेलं. काकांनी आमच्या दोघींकडे पाहिलंही नाही.

ते आत गेले आणि बैठकीतली गादीची खुर्ची उचलून घेऊन आले. ओट्याच्या सावलीच्या बाजूला, भिंतीला लागून मांडली. काकूंना दंडाला धरून तिच्यावर बसवलं. मग त्यांच्या तोंडापासून भिंतीपर्यंत बोटांनी एक वीत मोजली, तिथे पेन्सिलीने खूण केली, आणि तेवढ्या उंचीवर बेल बसवायला घेतली.

मी म्हणाले, "काका, इतकी खाली? लोकांना वाकावं लागेल."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी जवळ जाऊन, बेलीकडे बोट दाखवून पुन्हा ओरडले.

"वाकतीन लोक," ते स्क्रू पिळत म्हणाले. "खालून आवाज चांगला येते."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. बायको का बाहेर येते तेही, आणि तिला काय काय कळलं आहे तेही. काकूंनाही ते त्याच क्षणी उमगलं असावं, कारण त्यांनी बसल्याबसल्याच माझा हात घट्ट धरला.

काका आत गेले, दार लावून घेतलं. काकूंनी बेल दाबली. मग भिंतीतून काकांचा आवाज आला, तोच, तीन शेतं ओलांडून यायचा तो, पण अगदी हळू.

"बसली ना नीट? आता बोल. मले कुठं जाचं नाही."