चहाने तारण

सालेकसा स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये टिकाराम दोन पाद्र्यांसमोर उभा होता आणि दोघांनाही खूश करण्याची त्याची पूर्ण तयारी झालेली होती. साल १९२६. जंगलाकडच्या एका गावात दोन मिशनांनी मिळून एक शाळा काढली होती, त्यामुळे तिथला मास्तर नेमायला दोन्ही मिशनांची सही लागायची. गोंदियाकडून स्कॉटलंडचे मॅक्रेसाहेब आले होते, डोंगरगडकडून अमेरिकेचे हॉपकिन्ससाहेब. एकमेकांच्या बंगल्यात पाऊल ठेवायचे नाही, हे दोघांनी अकरा वर्षांपूर्वीच ठरवले होते. म्हणून परीक्षा स्टेशनात.

बाहेर मोहाच्या झाडाखाली बकाराम गाडीवानाने बैल सोडले होते. गाडीत त्याची मुलगी रुख्मा बसली होती. बकारामने टिकारामला आत सोडताना एवढेच सांगितले होते, “मास्तर होऊन बाहीर आला त पोरगी तुही. नाई त तसाच सरळ घरी जा. माया गाडीत बसू नको.”

मॅक्रेसाहेबांनी चष्मा पुसला. “हे टिकाराम, माणसाचे तारण कोण ठरवतो?”

“देव ठरवते, साहेब. जग बनवाच्या आधीच यादी तयार हाय.”

मॅक्रेसाहेबांनी कागदावर समाधानाने खूण केली.

“मग माणसाच्या मर्जीला काही किंमत आहे की नाही?” हॉपकिन्ससाहेबांनी विचारले.

“हाय ना, साहेब. दार उघडं हाय. अंदर याचं का नाई, ते ज्याचं त्यानं पाहावं.”

हॉपकिन्ससाहेबांनीही खूण केली. टिकारामने दोन्ही मिशनांची पुस्तके पाठ केली होती, मॅक्रेसाहेबांचे लाल आणि हॉपकिन्ससाहेबांचे निळे. दोन्ही पुस्तके एकाच माणसाने पाठ करावीत, असा विचार मात्र दोन्ही मिशनांनी कधी केला नव्हता.

“यादी झालेली असेल तर दार कशाला?” मॅक्रेसाहेब हॉपकिन्ससाहेबांना म्हणाले.

“दार उघडे असेल तर यादी कशाला?” हॉपकिन्ससाहेब मॅक्रेसाहेबांना म्हणाले.

टिकारामच्या डोक्यात सकाळपासून लग्नच होते. तो मधे पडला. “साहेब, लग्नात असंच असते. आवतन आधीच धाडते. मंग येनारा येते.”

“आणि ज्याला आवतन नाही तो?” मॅक्रेसाहेबांनी विचारले.

“तो बी येते, साहेब. तोच पयले जेवते.”

मॅक्रेसाहेब पुढे झुकले. “आणि ज्यांना सर्वांच्या आधी आवतन गेले, ते यहूदी? ते तर आलेच नाहीत. त्यांचे काय?”

तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीतून काळी टोपी आत आली. टोपीखाली स्टेशनमास्तर रोहेकर होते. “माझं नाव घेतलंत का कुणी?”

“तुम्ही यहूदी?” दोन्ही साहेब एकदम उठले.

“बेने इस्राएल. कुलाबा जिल्हा. शनिवार आमचा विसाव्याचा वार, तरी गाड्या सोडाव्या लागतात, त्याचं माझं मी देवाशी बघून घेईन.”

जिवंत यहूदी सापडल्याचा आनंद साहेबांना आवरेना. रोहेकरांना आत आणून खुर्चीवर बसवले गेले. तोंडी परीक्षा बाजूला पडून आता प्रत्यक्ष दाखला समोर बसला होता.

“बोल, टिकाराम,” मॅक्रेसाहेब म्हणाले. “हे गृहस्थ वाचतील काय?”

“जरा लवकर सांग रे,” रोहेकर म्हणाले. “मला सिग्नल पाडायचाय.”

टिकारामने रोहेकरांकडे पाहिले. सकाळी सहापासून तो स्टेशनावर उपाशी बसला होता, आणि या माणसाने त्याला विचारल्याविना दोन कप चहा पाजला होता. लाल पुस्तकात यावर काही नव्हते. निळ्यातही नव्हते.

“वाचतीन, साहेब.”

“कशावरून?”

“भला मानूस हाय. चहा पाजला.”

दोन्ही साहेबांचे चेहरे सारखेच पांढरे पडले.

“चहाने तारण?” मॅक्रेसाहेब ओरडले.

“चहाने?” हॉपकिन्ससाहेब ओरडले. “म्हणजे श्रद्धेने नव्हे, कर्मांनी! मॅक्रे, तुम्ही हे ऐकलेत?”

“ऐकले. हॉपकिन्स, तुमचे अगदी खरे आहे!”

अकरा वर्षांत दोन्ही मिशनांचे पहिल्यांदाच एकमत झाले. एकाच कागदावर, एकाच दौतीतून, दोन सह्या पडल्या. टिकाराम नापास. त्यानंतर साहेबांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि चहात नेमकी कोणती चूक आहे यावर बोलत बोलत ते समोर उभ्या राहिलेल्या गोंदियाच्या गाडीत चढले.

“हॉपकिन्ससाहेब!” रोहेकर फलाटावरून ओरडले. “तुमची गाडी उलटीकडची! अजून यायचीय!”

हॉपकिन्ससाहेबांनी खिडकीतून प्रेमाने टोपी हलवली. गाडी गेली.

टिकाराम कागद घेऊन मोहाखाली आला. बकारामला वाचता येत नव्हते. त्याने चेहरा वाचला आणि बैल जुंपायला घेतले.

मागून रोहेकर आले. “गाडीवानबुवा, मला सांधेवाला पाहिजे, रूळ बदलणारा. या पोराच्या दोन्ही बाजूंनी इंजिनं आली, तरी हा जागचा हलला नाही. उद्यापासून ठेवतो याला.”

“मास्तर म्हनलो होतो मी,” बकाराम म्हणाला. “साहेब लोकायनं नापास केलेला जवाई घेऊन का करू? गावात तोंड कसं दाखवू?”

“अहो, पोरीला तरी विचारा.”

“तिले कायले विचारू?”

गाडीतून रुख्मा खाली उतरली. तिने टिकारामच्या हातातला कागद घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि बैलाच्या तोंडासमोर धरला. बैलाने तो खाल्ला.

“मी त मांगच्या नाताळातच ठरवलं होतं, ह्यालेच करीन म्हून,” ती बापाला म्हणाली. मग टिकारामकडे वळली. “तू काऊन परीक्षा देऊन राहिला होता, बाप्पा?”