बोरकुटे मास्तरांच्या पत्त्यावरची जर्मनी

बोरकुटे मास्तर संध्याकाळीसुद्धा "गुटेन मॉर्गेन" म्हणायचे. आमच्या चांद्याच्या बाजारात वांगी निवडता निवडता, भेटेल त्याला, कमरेत वाकून. हे सकाळचं म्हणायचं असतं ना, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "संध्याकाळची पानं उदईनं खाल्ली ना बावा!" त्यांचं जर्मन एकाच जुन्या, वाळवी लागलेल्या पुस्तकातलं होतं.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. पण जीव सारा शिकलेल्या पोरांना जर्मनीतल्या प्रयोगशाळांत धाडण्यात. नागपूरच्या कॉलेजातली मासिकं चाळून ते पत्ते उतरवून आणायचे. दोघांना त्यांनी असं पोहोचवलंही होतं.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन आलो, त्याच दिवशी मास्तर दारात. मी अर्ज लिहून दाखवला: 'मी एका गरीब मासेमार ढिवराचा मुलगा...' मास्तरांनी तो टराटरा फाडला.

"रडून काऊन राह्यला? मासा सांग, मासा!"

मी सांगितला. उन्हाळ्यात तळं आटलं की मरळ मासा चिखलात जगतो कसा, हे मला शोधायचं होतं.

पहिलं पत्र परत आलं. त्या पत्त्यावरची इमारतच महायुद्धात पडली होती. दुसऱ्याला उत्तर आलं, जागा भरली. मास्तर खूश! "पाह्यलं? उत्तर देतेत! माणसं चांगली हायेत." तिसरीकडच्या प्रोफेसरांनी उलट विचारलं: चिखलातला मरळ तुम्ही स्वतः पाहिला आहे काय?

रविवारी मास्तर धोतर खोचून आटलेल्या तळ्यात. बाबांच्या हाती कुदळ, मास्तरांच्या हाती शाळेचा थर्मामीटर.

"इथी खोद भाऊ, इथी!"

"मास्तर, सरका ना बाजूले! त्याच्यावरच उभे राह्यले तुमी!" बाबा ओरडले.

पायाखालचा चिखल हलला, मरळ उसळला, मास्तर धपकन बसले आणि बसल्या जागेवरून मला ओरडले, "टेम्परेचर लिव!"

पाहिलेलं सारं मी त्या प्रोफेसरांना लिहून धाडलं, आणि पावसाळा सरता सरता उत्तर आलं. डॉक्टरेटची जागा, शिष्यवृत्ती, राहायला खोली! मास्तर लिफाफा डोक्यावर धरून पोस्टातून धावतच आले. बाबांना त्यांनी जाळ्यासकट मिठी मारली. मग शाळेत जाऊन भर तासाला घंटा बडवली आणि पोरांना सुट्टी देऊन टाकली. हेडमास्तर त्यांना रागवायला निघाले आणि पेढा खाऊन परतले.

चांदा स्टेशनवर मास्तर खिडकीशी उभे राहून सूचनांवर सूचना देत होते. गाडी हलली तसे तेही निघाले. खिडकीचा गज धरून चार पावलं चालले.

"एक करजो. मले पत्र लिवजो. त्या दोघायनं नाई लिवलं. तिकडून माह्या पत्त्यावर आजवर जे आलं ते दुसऱ्याच्याच नावाचं आलं. कामाचं नको लिवू. जेवला काय, थंडी वाजते काय, तेवढंच."

मी "हो" म्हणालो. गाडीच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

जर्मनी यायला अजून कितीतरी दिवस होते. बोट वाटेत एडनच्या बंदराला लागली, तिथूनच मी पत्र टाकलं: 'मास्तर, आज भात मिळाला. जरा कच्चा होता, पण पोटभर जेवलो.'