मुष्टिरावांचा न मारलेला ठोसा

एका जंगलात पाऊस कधीच पडत नसे. कारण, मुलांनो, ते जंगल समुद्राच्या तळाशी होते. प्रवाळांचे. तिथल्या झाडांना पाने नव्हती, पण जंगलाला कार्यालय होते.

या जंगलात वाळूत बीळ करून मुष्टिराव राहत. जातीने ठोसेबाज कोळंबी. पाठ मोरपंखी हिरवी, पाय शेंदरी. डोळे दोन दांड्यांवर; एक स्वतःच्या दारावर, दुसरा शेजाऱ्याच्या जेवणावर. पुढचे दोन हात गदेसारखे. मुष्टिरावांनी ठोसा मारला की पाणी उकळे. शिंपल्याला मात्र आपण फुटलो हे नंतर कळे.

एकदा मुष्टिरावांनी जुने कवच टाकले. नवे कवच आठवडाभर मऊच असते. मुष्टिराव अगदी उकडलेले रताळे झाले. अशा वेळी दाराला दगड लावून आत पडून राहायचे असते.

नेमकी तेव्हाच कार्यालयाची नोटीस आली. 'बीळधारकाने समक्ष ठोसा मारून दाखवावा. अन्यथा बीळ दुसऱ्यास देण्यात येईल.'

दुसरा तयारच होता. आसपास घुटमळणारा धोंडबा. त्याच जातीचा, तरुण, टणक आणि बिनबिळाचा.

ठरल्या दिवशी तपासणीला अध्यक्ष खेकडा आला. सोबत त्याचा कारकून, म्हणजे शंखात राहणारा खेकडा. सगळे दप्तर त्याच शंखात.

मुष्टिराव लटपटत बाहेर आले. पण त्यांनी हात पसरले, हातांवरचे जांभळे ठिपके दाखवले आणि डोळे वटारले. दोन्ही, दोन दिशांना.

"बोला साहेब, कोणाला मारू?"

अध्यक्ष आडवा चालत मागे सरकला. "कोणाला असे नियमात नाही हो, मुष्टिराव."

"मग जवळ या आणि जोर मोजा."

"कारकून, तुम्ही जा पाहू."

"मी आज रजेवर आहे, साहेब."

धोंडबा ओरडला, "अहो, मऊ पडलेत ते! हात लावून बघा!"

"तूच लाव की," अध्यक्ष म्हणाला.

धोंडबा पुढे झाला. मुष्टिरावांचा एक डोळा हळूच त्याच्याकडे वळला. धोंडबा थांबला.

"त्यापेक्षा मी माझाच ठोसा दाखवतो!"

फाट!

ठोसा अस्सल होता. कारकुनाचा शंख फुटला. जंगलाचे सारे दप्तर वाळूवर पसरले आणि मधोमध कारकून उघडा उभा राहिला. एका नांगीने त्याने लाज झाकली. दुसरीने निकाल लिहून घेतला.

धोंडबा : सरकारी मालमत्तेची नासधूस. हद्दपार.

मुष्टिराव : ठोसा समाधानकारक. बीळ कायम.

मुष्टिरावांनी वाकून नमस्कार केला. वाकणे त्या दिवशी त्यांना फारच सोपे गेले.

तात्पर्य : अंगात खरेच बळ असेल, तर तपासणीला जाताना ते घरी ठेवून जावे. मारलेल्या ठोशाचा पंचनामा होतो, न मारलेल्याचा दबदबा.